साठ शीट्सचं सबमिशन

व्हिन्सेंट व्हॅन गॉग म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना दोन-तीनच गोष्टी आठवतात. कापलेला कान, सूर्यफुलं आणि कोट्यवधींना विकली जाणारी चित्रं. हॉस्टेलच्या एखाद्या खोलीत दारामागे त्याच्या चांदण्या रात्रीचं पोस्टरही सापडेल. वेडा होता, जीनियस होता, गरिबीत मेला. विषय संपला!

पण त्या कान कापलेल्या माणसाच्या आधी एक दुसराच व्हिन्सेंट होऊन गेला आणि आपल्या कामाचा तोच आहे. वय वर्षं २७. एका नोकरीतून काढलेला, बाकीच्या अर्धवट सोडलेल्या, शिक्षण अर्धवट, खिशात दमडी नाही. चित्रकलेचा डिप्लोमा नाही, शिकवायला कोणी मास्तर नाही, राहायला खाणकामगाराच्या घरातली अर्धी खोली. अशा जागी बसून हा माणूस ठरवतो की आता आपण ड्रॉइंग शिकायचं. मग तो शिकला कुठून आणि कशावरून? त्याचीच ही गोष्ट.

व्हिन्सेंटचा जन्म ३० मार्च १८५३ चा, हॉलंडच्या दक्षिणेकडच्या झुंडर्ट नावाच्या खेड्यातला. वडील चर्चमध्ये पाद्री. आई हौसेने जलरंगात चित्रं काढायची. टिलबर्गच्या शाळेत त्याला ड्रॉइंगचे जे शिक्षक होते ते त्या काळचे नावाजलेले, ड्रॉइंगवर पुस्तक लिहिलेले. पण १८६८ साली हे महाशय वर्ष पुरं व्हायच्या आत शाळा सोडून घरी आले ते परत गेलेच नाहीत. चांगला शिक्षक मिळूनही घेता आला नाही, असं आयुष्यात पहिल्यांदा घडलं ते इथे. पुढे बऱ्याचदा घडायचं होतं.

सोळाव्या वर्षी काकांच्या ओळखीने हेग शहरातल्या गुपिल कंपनीत चिकटला. ही कंपनी चित्रं आणि चित्रांच्या छापील प्रती विकायची. हेग, लंडन, पॅरिस अशा तीन शाखांत मिळून जवळजवळ सात वर्षं त्याने चित्रं पाहिली, हाताळली, गिऱ्हाइकाला दाखवली. हात तयार झाला नसेल, पण डोळा तयार झाला. पुढे पुढे मात्र धंद्यातलं मन उडालं. १८७६ साली कंपनीने नारळ दिला. मग इंग्लंडमध्ये शाळामास्तरकी, डॉर्ड्रेख्टला पुस्तकांच्या दुकानात नोकरी, ॲमस्टरडॅमला धर्मशास्त्राच्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास. एकही गोष्ट धड शेवटाला गेली नाही. ग्रीक-लॅटिन काही झेपेना.

१८७८ च्या शेवटी तो बेल्जियमच्या बोरिनाज भागात धर्मप्रचारक म्हणून गेला. हा सगळा कोळशाच्या खाणींचा मुलूख. व्हिन्सेंट स्वतः सातशे मीटर खोल खाणीत उतरून आला. खाणकामगारांची हालत बघून आपले कपडे, पैसे वाटून टाकले आणि स्वतः फाटक्या अवतारात राहू लागला. चर्चच्या मंडळींना हा अतिरेक वाटला, त्यांनी १८७९ मध्ये मुदत वाढवून दिली नाही. घरचे वैतागले. धाकटा भाऊ थिओ, जो त्याच गुपिल कंपनीत नेकीने नोकरी करत होता, त्याच्याशीसुद्धा बरेच महिने पत्रव्यवहार बंद पडला.

१८८० च्या सुरुवातीला, ऐन थंडीत, हा पठ्ठ्या चालत फ्रान्समधल्या कुरिएर गावी गेला. साठ-सत्तर किलोमीटरची रपेट! कारण? तिथे ज्यूल ब्रतों नावाचा आवडता चित्रकार राहत होता. वाटेत पैसे संपले तेव्हा जवळची चित्रं देऊन पावाचे तुकडे मिळवले, गवताच्या गंजीत झोपला. आणि पोहोचल्यावर चित्रकाराच्या नव्याकोऱ्या विटांच्या स्टुडिओकडे बाहेरूनच बघून परत फिरला. दार वाजवायचा धीर झाला नाही. एचओडींच्या केबिनबाहेर घुटमळून मागे फिरणाऱ्यांना हे लगेच समजेल.

दार वाजवलं नाही, पण पत्र मात्र लिहिलं. त्याच वर्षी थिओने पैसे पाठवले, पत्रव्यवहार पुन्हा सुरू झाला आणि ऑगस्टमध्ये व्हिन्सेंटने चित्रकार व्हायचं नक्की केलं. त्यानंतर त्याने पहिली गोष्ट कोणती केली असेल? रंग विकत घेतले नाहीत. त्याने अभ्यासाचं साहित्य मागवलं. ज्या गुपिल कंपनीने त्याला हाकललं होतं, तिच्याच हेग शाखेच्या जुन्या साहेबांना, टर्स्टेख यांना, पत्र टाकून त्याने शार्ल बार्ग यांचा ड्रॉइंग कोर्स मागितला. मागताना मान-अपमान आडवा आला नाही.

हा बार्गचा कोर्स म्हणजे काय, ते सांगतो. नावाजलेले चित्रकार जेरोम यांच्या मदतीने बार्ग यांनी तो तयार केला आणि १८६८ पासून पुढची काही वर्षं गुपिल कंपनीनेच तो छापला. मोठ्या आकाराच्या एकूण १९७ शीट्स, तीन भागांत. पहिल्या भागात ७० शीट्स, प्लॅस्टरच्या पुतळ्यांवरून: डोळा, कान, पाऊल, हात, मग डोकं, मग अख्खं शरीर. बऱ्याच शीट्सवर एकाच वस्तूची दोन चित्रं शेजारी शेजारी: एकात नुसत्या सरळ रेषांनी पकडलेला ढोबळ आकार, दुसऱ्यात सावल्या भरून पूर्ण केलेला. म्हणजे आधी काय करायचं आणि नंतर काय, हे न बोलता कळतं. दुसऱ्या भागात ६७ शीट्स, जुन्या-नव्या उस्तादांच्या रेखाटनांवरून. तिसऱ्या भागात ६० शीट्स, कोळशाने करायच्या, उभ्या-बसलेल्या मानवी देहाच्या नुसत्या बाह्यरेषा.

व्हिन्सेंटने त्या साठ शीट्स घेतल्या आणि क्वेम गावच्या त्या खोलीत बसून साठच्या साठ काढल्या. खोलीत दोन खाटा, एक घरमालकाच्या पोरांची, एक याची. उजेड यथातथाच. कागद पसरायला जागा नाही, म्हणून हवा बरी असली की बागेत जाऊन बसायचा. साठ झाल्या. मग पुढचे भाग सुरू. पुढच्या वर्षी आईवडिलांकडे एटन गावी राहायला गेला, तर तिथे पुन्हा त्याच साठ शीट्स! कोणी तपासणारं नव्हतं, मार्क्स नव्हते, सबमिशनची तारीख नव्हती.

इथे कोणी म्हणेल, मग काय, जीटीच मारली की! काचेखाली बल्ब लावून आदल्या वर्षीच्या शीटवरून रेषा ओढण्याची कला आपल्याला काही नवी नाही. पण दोन्हीत मोठा फरक आहे. जीटी मारताना बघायची गरजच उरत नाही. खालची रेषा हात ओढून नेते, डोकं गाणी ऐकत असतं. बार्गची शीट समोर ठेवायची असते, कागदाखाली नाही. खांद्याचा उतार किती, गुडघा टाचेच्या बरोबर वर आहे की थोडा पुढे, डोक्याच्या किती पट देह, हे दर वेळी डोळ्यांनी मोजावं लागतं. चुकलं की खोडून परत मोजावं लागतं. शीट पूर्ण होते तेव्हा कागदावर चित्र आलेलं असतं, आणि डोळ्यांत मोजमाप. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेल्या मंडळींना हे पटेल.

बार्गच्या जोडीला आर्मां कासान्य यांची पुस्तकं होती. त्यांतून तो यथार्थदर्शन, म्हणजे आपलं पर्स्पेक्टिव्ह, शिकला. मिलेच्या शेतकऱ्यांच्या चित्रांच्या छापील प्रतींवरून पेरणी करणारा माणूस त्याने कितीदा तरी गिरवला. १८८० च्या ऑक्टोबरमध्ये तो ब्रुसेल्सला गेला. तिथे हाडं आणि स्नायू यांची चित्रं पुस्तकातून बघून मोठ्या कागदांवर उतरवली. आर्ट ॲकॅडमीत नाव घातलं, पण टिकला थोडेच दिवस. त्यापेक्षा जास्त शिकला तो थिओमुळे ओळख झालेल्या व्हॅन रापार्ड या तरुण चित्रकाराच्या स्टुडिओत बसून. रापार्ड खात्यापित्या घरचा, रीतसर शिकलेला. हा कफल्लक आणि अर्धशिक्षित. पण पुढची पाच वर्षं दोघं एकमेकांना काम दाखवत राहिले. चांगला रूममेट हेसुद्धा अभ्यासाचं साहित्यच की!

१८८१ च्या अखेरीस आंटोन माउव्ह भेटले. हे नात्यातले, व्हिन्सेंटच्या मामेबहिणीचे यजमान, आणि हेगमधले मान्यवर चित्रकार. त्यांनी त्याच्या हातात पहिल्यांदा जलरंग आणि तैलरंग दिले, समोर कोबी आणि लाकडी बूट मांडून स्थिरचित्र करायला लावलं. त्याच नाताळात घरी वडिलांशी कडाक्याचं भांडण करून व्हिन्सेंट हेगला राहायला आला, तेव्हा बिऱ्हाड थाटायला उसने पैसेही त्यांनीच दिले. असा गुरू मिळायला नशीब लागतं. पण काही महिन्यांतच बिनसलं. माउव्ह म्हणाले, प्लॅस्टरच्या पुतळ्यांवरून सराव कर. याला हवी होती जिवंत माणसं. चिडून याने घरातले पुतळेच फोडून कोळशाच्या डब्यात टाकले! त्यात सीन नावाच्या एका निराधार गरोदर बाईला त्याने घरी आश्रय दिला होता. तेही प्रतिष्ठित मंडळींना खपलं नाही. माउव्हांचं दार बंद झालं. बाईला आसरा देण्यात व्हिन्सेंटचं काही चुकलं असं आज म्हणवत नाही. पण पुतळ्यांबाबत माउव्ह बरोबर होते. ते पुढे व्हिन्सेंटनेच सिद्ध केलं, कसं ते येईलच.

हेगची दोन वर्षं म्हणजे त्याचं खरं कॉलेज. ॲमस्टरडॅमच्या काकांनी शहराची बारा रेखाटनं मागवली, एकाला अडीच गिल्डर भाव. चित्रकलेतली त्याची पहिली ऑर्डर ती. मॉडेलला द्यायला पैसे नसत, म्हणून वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांना थोडे पैसे देऊन बसवायचा. चित्रांचं संग्रहालय खिशात नव्हतं, म्हणून इंग्रजी सचित्र साप्ताहिकांतली लाकडी ठशांची चित्रं कापून जमवायचा. 'ग्राफिक' या साप्ताहिकाचे १८७० ते १८८० या काळातले २१ बांधीव खंड त्याने १८८३ च्या सुरुवातीला घेतले. पानं सोडवून, जाड कागदावर चिकटवून, विषयवार लावून ठेवली. आजही अशी हजारावर कात्रणं ॲमस्टरडॅमच्या संग्रहालयात आहेत. रद्दीतून लायब्ररी उभी करणं म्हणतात ते हेच.

आता आपल्या मेकॅनिकल आणि सिव्हिलवाल्यांसाठी खास. १८८२ च्या उन्हाळ्यात त्याने एक उपकरण बनवून घेतलं. लोहाराला आणि सुताराला हाताशी धरून! लाकडी चौकट, तिच्यात ताणलेल्या तारा: एक उभी, एक आडवी आणि कोपऱ्यातून कोपऱ्यात जाणाऱ्या दोन तिरप्या. दोन खांब, त्यांना भोकं, म्हणजे खुंटीने चौकट वर-खाली करता येते. खांबांच्या टोकांना लोखंडी अणी, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूतही रोवून उभी राहते. या चौकटीतून एक डोळा मिटून पाहिलं की समोरचा देखावा ताऱांच्या जाळ्यात सापडतो. कागदावर तशाच रेषा फिक्या आखायच्या, मग शेताचा बांध कुठल्या तारेला कुठे छेदतो एवढंच बघत जायचं. कल्पना त्याची नव्हे. जर्मन चित्रकार ड्यूररने सोळाव्या शतकात अशी उपकरणं छापून दाखवली होती. आपण फर्स्ट इयरला जो पिक्चर प्लेन कागदावर कल्पनेने उभा करतो, तो याने लोहाराकडून करून घेऊन वाळूत रोवला, एवढाच काय तो फरक! ही चौकट त्याने वर्षानुवर्षं वापरली. पुढे दक्षिण फ्रान्समध्येही ती त्याच्यासोबत शेतात जायची.

१८८३ च्या डिसेंबरात व्हिन्सेंट परत आईवडिलांकडे आला, न्यूनेन गावी. आता ध्यास शेतकरी आणि विणकरांचा. १८८४-८५ च्या हिवाळ्यात त्याने शेतकऱ्यांच्या डोक्यांचे चाळीसेक अभ्यास रंगवले, त्यांतून १८८५ च्या वसंतात 'बटाटे खाणारी माणसं' हे चित्र उभं राहिलं. त्याची छापील प्रत पाहून रापार्डने सडेतोड टीका केली. व्हिन्सेंटला ती इतकी झोंबली की पाच वर्षांची दोस्ती संपली. टीका बोचरी होती, पण आकृत्यांमधल्या ज्या कच्चेपणावर तिचं बोट होतं तो नव्हता असं नाही. मैत्रीतला एक माणूस आणि एक परीक्षक, दोघं एकदम गेले.

याच काळात तो रंगांचं शास्त्र वाचत होता. त्याच्या मुळाशी एक केमिस्ट आहे, हे आपल्या केमिकलवाल्यांनी लक्षात ठेवावं. पॅरिसच्या गोबेलँ या गालिचे विणणाऱ्या कारखान्यात शेव्ह्रल हे रंगविभागाचे प्रमुख होते. काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार आली. तपासलं तर रंगात खोट नव्हती, शेजारच्या धाग्यामुळे काळा तसा दिसत होता! एक रंग शेजारच्या रंगाला बदलतो, आणि लाल-हिरवा, निळा-नारिंगी, पिवळा-जांभळा या जोड्या शेजारी ठेवल्या की एकमेकांना चढवतात, असं त्यांनी १८३९ साली ग्रंथ लिहून मांडलं. चित्रकार देलाक्रवाच्या रंगांबद्दल आणि या नियमांबद्दल शार्ल ब्लां यांनी लिहिलेलं व्हिन्सेंटने झपाटल्यासारखं वाचलं. नुसतं वाचून थांबला नाही. त्याच्या वस्तूंमध्ये लाखेचा एक लाल डबा सापडला, त्यात लोकरीच्या रंगीत गुंड्या. वेगवेगळे धागे एकत्र गुंडाळून कुठला रंग कुणाशेजारी कसा दिसतो ते तो तपासायचा. रंगाची ट्यूब महाग, लोकर स्वस्त. यापेक्षा सोपं प्रॅक्टिकल कुठलं?

आणि गंमत म्हणजे इतक्यात तो शिकवायलाही लागला होता. जवळच्या आइंडहोव्हन गावातले तीन हौशी: एक सोनार, एक चामडं कमावणारा, एक तारखात्यातला. दुसऱ्याला समजावताना आपलं आपल्याला पक्कं होतं, हे परीक्षेच्या आदल्या रात्री विंगमधल्या पोरांना शिकवणाऱ्याला विचारा.

१८८५ च्या ऑक्टोबरात तो ॲमस्टरडॅमच्या नव्या सरकारी संग्रहालयात गेला आणि रेम्ब्रांटच्या 'ज्यू वधू'समोर बसला तो हलेचना. नोव्हेंबरात अँटवर्प. तिथल्या ॲकॅडमीत जानेवारी १८८६ मध्ये रीतसर प्रवेश. परत प्लॅस्टरचे पुतळे, परत मास्तरांशी खटके! शेवटी परीक्षकांनी त्याला अगदी खालच्या, नवशिक्यांच्या वर्गात टाकायचं ठरवलं. निकाल लागला तेव्हा साहेब गाव सोडून गेले होते. भाषेत सांगायचं तर व्हॅन गॉगला ड्रॉइंगमध्ये इयर डाऊन!

फेब्रुवारीच्या अखेरीस आगाऊ न कळवता तो पॅरिसला थिओकडे येऊन थडकला. इथे मात्र एक बदल दिसतो. कॉर्मों यांच्या खासगी स्टुडिओत त्याने काही महिने काढले आणि तिथे हा, हेगमध्ये पुतळे फोडणारा, पुतळ्यांवरून इमाने इतबारे ड्रॉइंग करत बसायचा. इतकं खोडायचा की कागदाला भोकं पडायची, अशी आठवण त्याच्या सोबत्यांनी सांगितली आहे. माउव्हांचा धडा चार वर्षं उशिरा पोहोचला. ब्रुसेल्स, अँटवर्प आणि कॉर्मों, तिन्ही मिळून त्याचं औपचारिक शिक्षण वर्षभराचंही भरत नाही. पण माउव्ह १८८८ च्या फेब्रुवारीत गेल्याचं कळलं, तेव्हा नुकतंच रंगवलेलं फुललेल्या पीच झाडांचं चित्र त्याने त्यांच्या आठवणीसाठी त्यांच्या पत्नीकडे धाडलं. भांडण विसरायला सहा वर्षं लागली, पण विसरला.

पॅरिसमध्ये त्याने पहिल्यांदा नव्या चित्रकारांचे उजळ रंग आणि सराचे ठिपके प्रत्यक्ष पाहिले. आपली पॅलेट किती काळवंडलेली आहे ते उमगलं. मॉडेल परवडत नव्हतं, म्हणून १८८६ च्या उन्हाळ्यात फुलं आणली आणि एका मागोमाग एक फुलांची चित्रं रंगांच्या जोड्या जुळवत केली. मग आरसा घेतला. आरशातलं मॉडेल फुकट! पॅरिसच्या दोन वर्षांत त्याने स्वतःचीच पंचवीसेक चित्रं काढली. आपण त्यांत त्याच्या दुःखी आत्म्याचा शोध घेतो; त्याच्या दृष्टीने त्यांतली बरीचशी होमवर्क होती. बिंग नावाच्या व्यापाऱ्याकडून त्याने स्वस्तातले जपानी छाप सहाशेहून जास्त घेतले, विकून पैसे होतील या आशेने. विकले गेले नाहीत. मग भिंतीवर लावून त्यांचाच अभ्यास केला. १८८७ मध्ये हिरोशिगेच्या दोन चित्रांवरून आणि आयसेनच्या एका चित्रावरून तैलरंगात प्रती केल्या. आयसेनच्या चित्रासाठी ट्रेसिंग पेपरवर चौकटी आखून आकृती मोठी करून घेतली, तो कागद अजून शिल्लक आहे.

२० फेब्रुवारी १८८८ ला तो दक्षिणेला आर्ल गावी उतरला. यानंतर जे झालं ते सगळ्या जगाला माहीत आहे. पंधरा महिन्यांत सुमारे दोनशे चित्रं आणि शंभरावर रेखाटनं. सूर्यफुलं, पिवळं घर, रात्रीचा कॅफे. पेन म्हणून तिथे उगवणारा बोरू तासून घ्यायचा. आपल्या आजोबांनी ज्याने अक्षर गिरवलं तसाच बोरू! त्या बोरूने टिंबं, रेघा, फराटे मारून गव्हाची शेतं कागदावर डोलायला लावली. बघणाऱ्याला वाटतं, झटक्यात काढलंय. होय, झटक्यातच. पण त्या झटक्यामागे आठ वर्षांचं गिरवणं होतं.

त्याच डिसेंबरात, गोगँ त्याच्याकडे राहायला आलेला असताना, आजाराचा पहिला मोठा झटका आला आणि कानाचा तो प्रसंग घडला. मे १८८९ मध्ये तो स्वतःहून सां-रेमीच्या मनोरुग्णालयात दाखल झाला. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. वेडाच्या भरात तो चित्रं रंगवायचा असं आपण सर्रास म्हणतो. खरं तर झटके येत तेव्हा त्याच्या हातून धड काही होत नसे. जी चित्रं झाली ती झटक्यांच्या मधल्या, शुद्धीवरच्या दिवसांत. आजाराने त्याला काही दिलं नाही, फक्त दिवस हिरावून घेतले. बाहेर जायची परवानगी नसे तेव्हा तो काय करायचा? पुन्हा गिरवणं! थिओने पाठवलेल्या काळ्या-पांढऱ्या छापील प्रती समोर ठेवून मिलेची वीसेक चित्रं, शिवाय देलाक्रवा आणि रेम्ब्रांट, त्याने आपल्या रंगांत नव्याने मांडली. नोटेशन दुसऱ्याचं, गळा स्वतःचा.

मे १८९० मध्ये तो पॅरिसजवळच्या ओव्हेर गावी आला. शेवटच्या सत्तर दिवसांत जवळपास दिवसाला एक चित्र. तोवर समीक्षकाने कौतुकाचा लेख लिहिला होता, ब्रुसेल्सच्या प्रदर्शनात 'लाल द्राक्षमळा' ४०० फ्रँकला विकलं गेलं होतं. आणि या काळात त्याने थिओकडे काय मागवलं? बार्गच्या त्याच साठ शीट्स! साठही परत काढायच्या होत्या. 'चांदणी रात्र' आणि 'सूर्यफुलं' काढून झालेला माणूस दहा वर्षांपूर्वीचं पहिलं पुस्तक पुन्हा उघडतो, कारण मानवी देहाच्या ड्रॉइंगमध्ये आपण अजून कमी पडतो हे त्याला माहीत होतं.

ते काम पुरं व्हायचं राहिलं. २७ जुलैला त्याने स्वतःला जखमी करून घेतलं आणि २९ जुलै १८९० ला, थिओ जवळ असताना, तो गेला. वय ३७. हा शेवट कलावंताचा थाट म्हणून मिरवू नये. एक आजारी माणूस होता, त्या काळी त्या आजारावर नीट इलाज नव्हता. आज आहे. आपल्या विंगमध्ये कोणी गप्प गप्प झालं असेल तर त्याचं दार वाजवा, एवढं तरी या गोष्टीतून घ्यावं.

दहा वर्षांत सुमारे २,१०० कलाकृती, त्यांतली तैलचित्रं साडेआठशेच्या वर. या सगळ्याचं बिल कोणी भरलं? थिओने. दरमहा पैसे, कॅनव्हास, रंग, पुस्तकं, छापील चित्रं. एकट्याने शिकला म्हणतो आपण, पण एकटा कुठे होता! थिओही सहा महिन्यांत, जानेवारी १८९१ मध्ये गेला. मग त्याची तरुण विधवा योहाना हिने तान्हं मूल सांभाळत चित्रं जपली, दाखवली आणि १९१४ साली पत्रं प्रसिद्ध केली. त्या पत्रांमुळेच कुठलं पुस्तक, कुठली चौकट, कितव्यांदा गिरवलं, हे सगळं आपल्याला कळतं.

आणि ते तान्हं मूल? त्याच्या जन्मानिमित्त व्हिन्सेंटने बदामाच्या फुललेल्या फांद्यांचं ते निळं चित्र काढलं होतं. नाव काकाचंच, व्हिन्सेंट विलेम. तो मोठा होऊन डेल्फ्टला शिकला आणि झाला... इंजिनिअर! घरातला सगळा संग्रह त्याने १९६२ मध्ये एका प्रतिष्ठानाच्या हवाली केला आणि १९७३ मध्ये ॲमस्टरडॅमचं व्हॅन गॉग संग्रहालय उघडलं. तेव्हा इंजिनिअर लोकांना कलेतलं काय कळतं, असं कोणी म्हणालं तर हे उत्तर तोंडावर फेकावं.

राहता राहिला आपला प्रश्न. ड्रॉइंग शिकायचंय, पण क्लास नाही, वेळ नाही, साहित्य नाही. खरं सांगायचं तर साहित्याची आज चंगळ आहे. बार्गचा कोर्स २००३ साली पुन्हा छापला गेला. व्हिन्सेंटची आठशेवर पत्रं २००९ पासून इंग्रजीत इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. मोबाईलवर ड्रॉइंगचे व्हिडिओ तर मोजता येणार नाहीत इतके. अडचण उलटीच आहे. आपण व्हिडिओ सेव्ह करतो, पीडीएफ उतरवून घेतो, आणि सामग्री जमली म्हणजे शिक्षण झालं असं समजून झोपी जातो.

त्यापेक्षा एकच काहीतरी घ्या आणि शेवटच्या पानापर्यंत जा. पुठ्ठ्याला चौकोनी खिडकी कापून दोरे ताणा आणि मेसच्या खिडकीतून दिसणारी पाण्याची टाकी त्यातून पकडा. मॉडेल नाही तर बेसिनवरचा आरसा आहे. पेनाला पैसे नाहीत तर बोरू आहे. काढलेलं एका तरी माणसाला दाखवा, आणि त्याने चूक दाखवली तर त्याच्याशी बोलणं टाकू नका. तेवढं मात्र व्हिन्सेंटकडून शिकायचं नाही.

शीट समोर ठेवायची, कागदाखाली नाही. बाकी तुमचा डोळा आणि तुमचा हात बघून घेतील.